तीनशे मॅग्नमची चंद्रकोर

नेल्डाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हार्लनने तिला एक रायफल दिली, आणि नेल्डाने ती चक्क ठेवून घेतली. सगळा घोळ झाला तो इथे.

कारण त्या घरात वाढदिवसांची एक ठरलेली रीत होती. हार्लन टिब्ट्सला जे हवं असे, ते तो बायकोला भेट देई. अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याने तिला गोठलेल्या तळ्यात भोकं पाडायचं गिरमिट दिलं होतं. एकोणपन्नासाव्याला यांत्रिक करवत, लाल फीत बांधून. नेल्डा दर वेळी "किती छान" म्हणायची, सगळ्यांना केक कापून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती वस्तू हार्लनच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. कुणाची काही तक्रार नव्हती.

रायफलची गोष्ट मात्र जरा नाजूक होती. घरातल्या तिजोरीत आधीच सात बंदुका दाटीवाटीने उभ्या होत्या आणि नेल्डाचा कायदा होता की हार्लनची नवी एक आत येणार असेल, तर जुनी एक बाहेर जाईल. हार्लनला सातांतली एकही सोडवत नव्हती. पण तीनशे मॅग्नम तर हवीच होती. लांब पल्ल्याची, मोठ्या काडतुसाची, वर दुर्बीण अशी, की समोरच्या डोंगरावरच्या एल्कच्या पापण्या मोजाव्यात.

तेवढ्यात नेल्डाला सोडत लागली.

डोंगरापलीकडच्या टापूत एक नर एल्क मारायचा परवाना. सांबराच्या जातीचं जनावर, घोड्याएवढं, डोक्यावर सहा-सहा फाट्यांची शिंगं, आणि परवाने इतके मोजके की नेल्डा नऊ वर्षं अर्ज भरत होती. ती शाळेची बस चालवायची. निकाल लागला त्या दिवशी तिने बस थांबवून तो चाळीस पोरांना वाचून दाखवला. "पुन्हा लागायची तेव्हा मी साठीची असेन," असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. वडिलांची जुनी दोनशे-सत्तर रायफल तिने तेल लावून ठेवलीसुद्धा होती.

"दोनशे-सत्तर?" हार्लनने असा चेहरा केला, की जणू ती गलोल घेऊन निघाली होती. "अगं, ती खोरी केवढी रुंद आहेत. पाचशे यार्डांवर एल्क दिसेल आणि तू नुसती बघत बसशील. नऊ वर्षं थांबलीस ती काय बघायला?"

हे बोलताना त्याचा आवाज इतका काळजीने भरून आला की त्याचं त्यालाही खरं वाटलं.

मग सुरू झाली निवड. बकब्रश गावात मॅग्नमवरून दोन पक्ष होते, सात-मिलीमीटरवाले आणि तीनशेवाले, आणि त्यांच्यात सोयरीक जुळणंसुद्धा कठीण. सातवाले म्हणत, आमची गोळी सपाट जाते, धक्का कमी. तीनशेवाले म्हणत, धक्क्याला भिणाऱ्याने ससे मारावेत. हार्लन तीन आठवडे रोज सकाळी कॅफेत बसून दोन्ही बाजू ऐकून घेत होता, म्हणजे तीनशेच्या बाजूने भांडत होता. शेवटी तो बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्विलकडे गेला. ऑर्विलने सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "एल्कला काडतुसावरचं नाव वाचता येत नाही रे बाबा."

तरीही हार्लनने मागवली ती तीनशेच. ऑर्विलने सुचवून पाहिलं, की बाईमाणसासाठी आहे तर नळीच्या तोंडाला भोकांचं टोपण बसवून देतो, धक्का निम्मा होईल. हार्लन म्हणाला, "लाथ मारत नाही ती मॅग्नम कसली?"

हे वाक्य पुढे त्याला फार महागात पडलं.

वाढदिवसाच्या दिवशी नेल्डाने खोकं उघडलं. आत अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी आणि वर ती दुर्बीण. तिने रायफल उचलली, खिडकीतून दूरच्या खांबावर रोखली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. हार्लन "किती छान"ची वाट बघत होता. केक कापायची सुरीसुद्धा त्याने जवळ आणून ठेवली होती.

"हार्लन," ती हळूच म्हणाली, "ही मला खरंच आवडली."

त्यांची सोळा वर्षांची मुलगी टेस टेबलाशी बसली होती. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला इतकं हसू आलं की पाणी पिण्याच्या मिषाने ती उठून गेली.

त्यानंतरचा महिना हार्लनने कसा काढला हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर यंत्र फिरवून खड्डे सपाट करायचा, उरलेल्या वेळात गवत कापायचा. आणि नेल्डा रोज संध्याकाळी कुरणाच्या टोकाला जाऊन ठो, ठो, ठो. दोनशे यार्डांवर नेम पक्का बसवला, मग तीनशे, मग चारशे. "फार काही लाथ मारत नाही गं," असं ती टेसला म्हणाली. हार्लनने एकदा "जरा मी बघू का?" असं विचारायला तोंड उघडलं होतं, पण भेट दिलेली वस्तू मागायची कशी? तो गवत कापायला निघून गेला.

अखेर एका बुधवारी दाढदुखीचं निमित्त करून तो दुपारीच घरी आला. नेल्डाची बस अडीचला निघाली. दोन पस्तीसला तिजोरी उघडली. दोन पन्नासला सव्वासहा फुटी हार्लन गवताच्या गठ्ठ्यामागे पालथा पडला होता आणि समोरच्या टेकडीवर सातशे यार्डांवर टांगलेली लोखंडी पाटी दुर्बिणीतून न्याहाळत होता. दुर्बिणीवर एक चकती असते. लांबचं मारायचं तर ती फिरवून तेवढ्या अंतरावर आणायची. हार्लनने ती टकटक फिरवून सातशेवर आणली. त्या टकटकीने त्याच्या अंगावर काटा आला.

दस्ता खांद्याला लावला तेव्हा डोळा दुर्बिणीच्या जरा जास्तच जवळ गेल्यासारखा वाटला खरा. पण आनंदात कोण लक्ष देतो?

त्याला माहीत नव्हतं ते असं. तो गवत कापत होता त्या आठवड्यात नेल्डा रायफल घेऊन ऑर्विलकडे गेली होती. ती उंचीने पाच फूट. बसच्या सीटवरसुद्धा उशी घेऊन बसते. ऑर्विलने तिच्या हाताचं माप घेतलं आणि दस्ता मागून चांगला दीड इंच कापला. म्हणजे ती रायफल आता नेल्डाच्या अंगाच्या मापाने शिवलेली होती, आणि हार्लनने ती घातली होती.

पाटीला गोळी लागली की नाही हे आजतागायत कळलेलं नाही. कारण त्याच क्षणी दुर्बिणीची कड त्याच्या उजव्या भुवईवर येऊन बसली.

रक्त थांबवत, रायफल पुसत, एका डोळ्याने वाट बघत त्याने सगळं जागच्या जागी नेऊन ठेवलं. मग आरशासमोर उभा राहिला. भुवईच्या वर एक सुबक, रेखीव, लालभडक चंद्रकोर उमटली होती.

आता ही खूण बकब्रशमध्ये न ओळखणारं माणूस शोधून सापडलं नसतं. मोठ्या काडतुसाची बंदूक आणि डोळा जवळ नेणारा माणूस एकत्र आले की ही उमटते, हे तिथे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; हार्लनच्या तर कपाळावरच चंद्र उगवला होता.

"काय झालं?" घरात शिरताच नेल्डाने विचारलं.

"कपाटाचं दार," हार्लन म्हणाला. "स्वयंपाकघरातलं. वाकलो आणि उठलो."

नेल्डाने जवळ येऊन जखम नीट पाहिली, धुतली, पट्टी लावली. "लागलं तर," एवढंच म्हणाली. टेसने मान वाकडी करून पट्टीच्या कडेने डोकावून पाहिलं. "बाबा, आपल्या कपाटाला दुर्बीण कधी बसवली?"

"तू अभ्यास कर," हार्लन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅफेत त्याने काही मागायच्या आत सातवाले उठून उभे राहिले आणि टोप्या काढून त्याला मान दिला. पेट्रोल भरणाऱ्या पोरीने "तीनशे ना?" असं विचारलं. रविवारी चर्चच्या जेवणात राजम्याची चिली आणि दालचिनीचा रोल वाढता वाढता पाद्रीबाबांनी स्वतःचे केस बाजूला सारून एक जुनी पांढरी चंद्रकोर दाखवली आणि समजुतीने म्हणाले, "माझंही कपाटच होतं, हार्लन."

सगळ्या गावाला कळलं होतं. एकटी नेल्डा तेवढी काही बोलत नव्हती. आणि लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याची धास्ती जास्त असते.

सोमवारी तो कामावरून आला तर स्वयंपाकघराच्या सगळ्या कपाटांची दारं काढून अंगणात मांडून ठेवलेली. चौदा दारं, एकाला एक टेकून.

"कोपरे फार धारदार आहेत रे," नेल्डा म्हणाली. "आज भुवईवर निभावलं, उद्या डोळ्यात गेलं तर? तू आता कोपरे गोल घासून काढ. घासलंसच आहेस तर रंगही देऊन टाक. तो फिकट हिरवा, मी चार वर्षांपूर्वी आणून ठेवलेला."

दाराने मारलं नाही म्हणावं, तर मारलं कुणी? हार्लनने पॉलिशपेपर आणला. दोन आठवडे रोज संध्याकाळी तो अंगणात दारं घासत होता, आणि कुरणाच्या टोकाकडून ठो, ठो ऐकू येत होतं. चौदाव्या दारावरचा रंगाचा दुसरा हात वाळला, दारं परत लागली, आणि तिसऱ्या दिवशी एल्कचा हंगाम उघडला.

पहाटे ते दोघं डोंगराच्या धारेवर पालथे पडले होते. नेल्डाच्या डोक्यावर भडक गुलाबी टोपी, हार्लनच्या नारिंगी. खालच्या खोऱ्यात धुकं विरत होतं, आणि त्यातून आधी शिंगं आली, मग मान, मग तो सबंध नर. सहा फाट्यांचा, अंगावरून वाफ निघत असलेला. हार्लनने अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं.

"तीनशे चाळीस," तो कुजबुजला.

"हं," म्हणत नेल्डाने हात दुर्बिणीच्या चकतीकडे नेला.

चकती. हार्लनने यंत्र डोळ्यावरून खाली घेतलं. बुधवारी रक्त पुसलं, नळी पुसली, पण ती चकती? ती तर सातशेवर तशीच राहिली होती. नेल्डा आहे तिथून आणखी चार टिचक्या फिरवणार आणि गोळी एल्कच्या पाठीवरून छातीभर उंच जाणार. मग एल्क डोंगरापार, आणि नेल्डा साठीची.

दारं घासताना कुरणातून आलेली ठो-ठो त्या घटकेला त्याला आठवलीसुद्धा नाही. त्याला दिसत होतं ते एवढंच, की आत्ता गप्प बसलं तर खोटं टिकेल आणि बोललं तर नऊ वर्षं वाचतील. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं, त्याने पुरता एक श्वाससुद्धा विचार केला नाही.

"नेल्डा, थांब. ती चकती सातशेवर आहे."

"असं?" तिने डोळा दुर्बिणीवरून हलवला नाही. "कशी काय?"

"मी फिरवली." त्याचा हात भुवईकडे गेला. "ते कपाटाचं दार नव्हतं."

खाली एल्कने मान उचलून वारा हुंगला. नेल्डा तशीच निवांत पडून होती.

"चकती मी त्याच दिवशी संध्याकाळी शून्यावर आणली," ती पुटपुटली. "नवऱ्याच्या कपाळावर दुर्बिणीचा शिक्का उठलाय म्हटल्यावर मी आधी दुर्बीण बघणार की कपाट? आता हलू नकोस. तुझं कोपर माझ्या जाकिटावर आहे."

हार्लनने कोपर काढलं. श्वासही धरला. नेल्डाने चार टिचक्या मोजून फिरवल्या, थोडी थांबली आणि चाप ओढला. तीनशे मॅग्नमचा आवाज खोऱ्यातून तीनदा फिरून परत आला. एल्क दोन पावलं चालला आणि गुडघ्यांवर बसावं तसा खाली बसला, मग आडवा झाला. नेल्डाच्या भुवईवर साधा ओरखडाही नव्हता.

ती आधी हसली, मग थोडी रडली, मग हार्लनच्या नारिंगी टोपीवर तिने दोन गुद्दे मारले. हार्लनलाही काय होत होतं कळेना. तो सारखा "तीनशे चाळीस, तीनशे चाळीस" एवढंच म्हणत होता. त्याला इतका आनंद झाला होता की ती रायफल कुणाची आहे हे त्या घटकेला तो विसरूनच गेला.

खाली उतरायच्या आधी नेल्डाने खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. अक्रोडाच्या लाकडाचा दीड इंची तुकडा, घासून गुळगुळीत केलेला, आरपार दोन भोकं पाडलेला आणि दोन लांब स्क्रू.

"दस्त्याचा कापलेला तुकडा. ऑर्विलकडून मी तेव्हाच करून घेतला. हा लावला की रायफल तुझ्या मापाची, काढला की माझ्या. मला काय कळत नाही, कुणाला हवी होती ते? तू नुसतं मागायचंस रे."

हार्लनने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग हळूहळू त्याच्या डोक्यात काहीतरी शिरायला लागलं, आणि त्याने भुवई उचलली, दुखरी होती ती.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तू बोलली का नाहीस?"

नेल्डाने रायफल खांद्याला अडकवली आणि उतार उतरायला लागली.

"दारं रंगवून व्हायची होती," ती म्हणाली.