त्सुबामे-युचा पडदा

"केस कापून येतो," असं बायकोला सांगून निघालेला इनोकुमा शूझो न्हाव्याकडे गेलाच नाही. ओनोमिची गावातला चढ धापा टाकत चढला आणि त्सुबामे-यु या बंद पडलेल्या सार्वजनिक न्हाणीघरासमोर येऊन उभा राहिला.

पडक्या इमारतींचे फोटो काढायचं त्याला व्यसन होतं. मागच्या खेपेला एका ओसाड इस्पितळातून पोलिसांनी त्याला घरी आणून सोडलं, तेव्हा चिझुकोने देव्हाऱ्यातल्या सासूच्या फोटोसमोर त्याला शपथ घ्यायला लावली होती. "पुन्हा सापडलात तर कॅमेरा समुद्रात. आणि त्याच्या मागोमाग तुम्ही!"

पण सोमवारी हे न्हाणीघर पाडणार होते आणि त्याबरोबर आतल्या भिंतीवरचा रंगवलेला फुजी पर्वतही जाणार होता. शिवाय शनिवार म्हणजे चिझुकोचा फुलं मांडायच्या वर्गाचा दिवस. दार लोटलं तर चक्क सरकलं. शूझोला वाटलं, देव पावला!

माणूस पाप करायला निघाला तरी वळण काही सुटत नाही. उंबऱ्याशी दारावरचा जुना पडदा, म्हणजे नोरेन, धुळीत पडला होता. नोरेनवर पाय द्यायचा? छे! त्याने तो उचलला, झटकला आणि बाहेरच्या खिट्ट्यांना अडकवून टाकला. मग बूट काढले. बूट ठेवायच्या खणांच्या लाकडी किल्ल्या जागच्या जागी होत्या, फक्त बत्तीस नंबरची नव्हती. "मेल्यांनी किल्लीसुद्धा सोडली नाही," असं पुटपुटत त्याने सात नंबरात बूट ठेवले आणि तो पुरुषांच्या बाजूला शिरला.

दारावर पडदा लागला की दुकान उघडलं, हे त्या गल्लीतलं मांजरसुद्धा जाणत होतं. शूझोचे चार फोटो होतात न होतात, तोच बाहेर बोलणी ऐकू आली. पळायला गेला तर समोर माणसं. पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूंच्या मधोमध मालकाचा उंच ओटा होता. तो त्याच्यावर चढून दडू लागला, तोच ऐंशीच्या घरातली किनु आजी टॉवेल खांद्यावर टाकून समोर हजर.

"अगोबाई, नवे मालक वाटतं?"

"अं... हो."

"मग असे उंदरासारखे काय दडताय? पाणी तापलंय का?"

"अर्ध्या तासात," शूझोच्या तोंडून निघून गेलं.

आजीमागून दोन म्हातारे आले, कपडे उतरवून उघडेबंब झाले आणि डोक्यावर टॉवेलाची घडी ठेवून कोरड्याच हौदात गप्पा ठोकत बसले. आजी बायकांच्या बाजूला डोकावून परत आली.

"तिकडे एक बाई आधीच आलीय हो. नळ पुसत बसलीय. तुमचीच का?"

शूझोने ओट्यावर आणखी अंग चोरलं. ही खरी मालकीण! आता पोलीस, मग चिझुको, मग समुद्र.

त्यातला पोलीस तर लगेचच आला. कोपऱ्यावरच्या चौकीतला शिपाई दारातून थेट आत.

"हे बंद होतं ना? कुणाच्या परवानगीने..."

"आधी बूट काढ!" आजी कडाडली. "आईने काही शिकवलं की नाही?"

पोलीस ओशाळला. बूट काढून ओट्याखाली उभा राहिला. "मालक कोण इथले?"

तेवढ्यात, न्हाणीघरात येणाऱ्या जुन्या जोडप्यांच्या रिवाजाप्रमाणे, बायकांच्या बाजूने भिंतीवरून खणखणीत हाक आली.

"अहो! तुमचं आवरलं का? निघायचं?"

तो आवाज शूझोने स्वर्गातही ओळखला असता.

"आ... आवरलं गं!"

"अच्छा, घरचीच माणसं," म्हणत पोलिसाने मान लववली, बूट चढवले आणि गेला.

चिझुको बाहेर आली. नवऱ्याकडे न बघता तिने कंबरपट्ट्यातून बत्तीस नंबरची किल्ली काढली, खण उघडला आणि आपल्या चपला खाली ठेवल्या. शूझो बघतच राहिला.

"केस?" तिने विचारलं.

"न्हाव्याचं दुकान बंद होतं."

"हं. आमचा फुलांचा वर्गसुद्धा." मग हलकेच म्हणाली, "लहानपणी आईबरोबर यायचे मी इथे. त्या फुजीसमोर माझा एक फोटो काढाल..."

"अहो मालक!" हौदातून आवाज आला. "अर्धा तास झाला, पाण्याचं काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं हातात हात घालून ती दोघं देवळातसुद्धा गेली नव्हती. आज हातात हात घालून दाराबाहेर पडली, आणि तीही धावत.