विनापरवाना छत्तीस वर्षं

अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय माणसाला गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, मग चार महिन्यांच्या पोरीला धर्म कसा मिळतो, असा गाडीमास्तरांचा सवाल होता. त्यांनी तो आधी दाढी करताना आरशाला विचारला, मग आठवडाभर आपल्या शिकाऊ उमेदवारांना विचारला. एकालाही उत्तर देता आलं नाही. तेव्हा सवाल बिनतोड आहे अशी त्यांची खात्री पटली. उमेदवार बिचारे भर चौकात क्लच आणि ब्रेक यांतला फरक आठवण्यात गुंतलेले असत, ही गोष्ट मास्तरांनी लक्षात घेतली नाही.

गाडीमास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. एक गाडी, तिच्या टपावर एक पाटी, आणि मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक. बारा वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे जगातलं काहीही पुढे सरकायला लागलं की मास्तरांचा पाय आपोआप खाली जाई. येत्या रविवारी त्यांच्या लेकीचा, म्हणजे ठकीचा, बाप्तिस्मा ठरला होता. पांढरा झगा शिवून होत आला होता, धाकटी बहीण आपल्या दोन मुलांना घेऊन येणार होती, चर्चच्या पाळकसाहेबांनी वेळ दिली होती. सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी ब्रेक दाबला.

"हे होणार नाही," ते म्हणाले. "ठकी मोठी होईल, शहाणी होईल, तेव्हा तिचं ती ठरवेल. मला कोणी विचारलं होतं? धरलं, डोक्यावर पाणी घातलं, रजिस्टरात नाव लिहिलं आणि झाले मोकळे!"

कोपऱ्यात मास्तरांची आई झग्याची मुडप घालत बसली होती. तिची सुई मध्येच थांबली. मास्तरांनी ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढची शोभा टळली असती.

बायको शांत होती. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसत असे. रोज दीडशे माणसं तिच्याशी वाद घालून जात आणि शेवटी तीच म्हणेल तिथे सही करत. तिला ठकीचा बाप्तिस्मा मनापासून हवा होता, पण नवऱ्याशी तोंड वाजवण्यात अर्थ नाही हेही तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "असं कर. तुझं नाव चर्चच्या रजिस्टरातून काढून दाखव. निघालं, तर रविवार रद्द. नाही निघालं, तर शर्टाला इस्त्री करून निमूट पुढे उभं राहायचं."

"लागली पैज," मास्तर म्हणाले. बायको गालात हसली. एकदा रजिस्टरात चढलेली नोंद ब्रह्मदेवाचा बाप आला तरी निघत नाही, हे खिडकीवर बसणाऱ्या माणसाइतकं कोणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चर्चच्या ऑफिसात जाऊन थडकले. तिथे चिटणीसकाका होते. चाळीस वर्षं ते ती रजिस्टरं लिहीत होते आणि चाळीस वर्षांत शाईचा डाग पडू दिला नाही असं स्वतःच सगळ्यांना सांगत होते. मास्तरांची मागणी ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"खोडायची पद्धत नाही," ते म्हणाले. "इथं माणूस जातो, पण त्याची ओळ जात नाही. फार तर समासात शेरा लिहीन."

"लिहा मग. सदर इसमास हे मान्य नाही."

काका हरखले. चाळीस वर्षांत समासात लिहायला इतकं खमंग काही मिळालं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, फडताळातून छत्तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला सुरुवात केली. जानेवारी झाला, मे झाला, डिसेंबर झाला. काका पुन्हा जानेवारीवर आले. मग पुढचं वर्ष पाहिलं, मागचं पाहिलं. मास्तरांचे आजोबा सापडले, वडील सापडले, धाकटी बहीण तर चांगली ठसठशीत सापडली. मास्तर नव्हते.

"आजोळी झाला असेल," काका म्हणाले. "तुमचा जन्म तिकडचा. थांबा, फोन लावतो."

आजोळच्या चर्चमधल्या बाई मोठ्या उत्साही निघाल्या. त्यांनी फोन चालू ठेवूनच रजिस्टर शोधलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बाळाचं नाव यादीत पेन्सिलीने लिहिलेलं होतं आणि पुढे शेरा होता : बाप्तिस्मा वडिलांच्या चर्चमध्ये होणार, इथे नाही. मास्तरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी रजिस्टराच्या शेवटच्या पानाकडे पाहिलं. तिथे एक पिवळी चिठ्ठी टाचणीने लावलेली होती. अक्षर काकांचंच होतं : बाप्तिस्मा आजोळी झाला, दाखला येणे.

तो दाखला छत्तीस वर्षं येतच होता.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. याच चिठ्ठीच्या भरवशावर त्यांनी मास्तरांना बाप्तिस्म्याच्या पुढच्या पायरीला, दृढीकरणाच्या वर्गात, बसवलं होतं, प्रभुभोजनाच्या यादीत घातलं होतं आणि लग्नाच्या अर्जावर "बाप्तिस्मा : होय" असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. एवढंच नाही, मास्तर आपल्या दोन्ही भाच्यांचे धर्मपिता होते. दोन्ही वेळा त्यांनी छाती काढून सगळ्या मंडळीसमोर पोरांची हमी घेतली होती.

"म्हणजे मी विनापरवाना?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

तेवढ्यात पाळकसाहेब आत आले. पाळकसाहेब हे मास्तरांचे शिकाऊ उमेदवार होते. परीक्षेत तीनदा नापास झाले होते, कारण चौकात आल्यावर समोरून कोणीही दिसलं की ते त्याला आधी जाऊ देत, मग त्याच्या मागच्याला, मग त्याच्याही मागच्याला. माणूस फार भला. सगळं ऐकून घेतल्यावर ते अगदी सरळ मनाने म्हणाले, "पण मास्तर, तुम्ही नाव काढायलाच आला होतात ना? मग काम झालंच की."

"काढणं वेगळं आणि नसणं वेगळं," मास्तर कडाडले. "मी काढीन नाहीतर ठेवीन! पण आधी असायला नको?"

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. लग्नाला काही धोका नाही, भाच्यांचे बाप्तिस्मेही पक्के आहेत, असा दिलासा दिला. पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गाडीत चाकामागे येऊन बसले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना जाणवलं की ही जागा शिकाऊ उमेदवाराची आहे. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. गेली वीस वर्षं ते देवाशी भांडत आले होते. प्रवचन लांबलं म्हणून, वडील लवकर गेले म्हणून, पाऊस नको तेव्हा पडला म्हणून. पण ते घरातलं भांडण होतं. आता कळत होतं की आपलं नाव घराच्या कागदावरच नाही. भांडायचं म्हटलं तरी माणूस घरातला असावा लागतो.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. बहिणीने फोनवर विचारलं की धर्मपिता म्हणून दादाने दिलेल्या भेटवस्तू परत करायच्या का. बायकोने दारातच पैजेचा निकाल लावला.

"नाव काढलंस का?"

"नावच नाही तिथं."

"मी ते विचारलं नाही. तू काढलंस का? नाही. मग रविवारी इस्त्री."

मास्तर थेट आईपुढे जाऊन उभे राहिले. आईने झगा बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका दमात सांगून टाकलं. मास्तर जन्मले तेव्हा वडील बोटीवर नोकरीला होते, आठ महिने येणार नव्हते. इकडे आजी म्हणे बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये, टोपी आमची, नाव आमचं. तिकडे दुसरी आजी म्हणे टोपी आमची, नाव आमचं, आणि बाळाला हातात मी धरणार. दोघी पत्रांतून एकमेकींना शेलक्या शब्दांत आशीर्वाद देत होत्या. एकोणीस वर्षांच्या त्या पोरीला, म्हणजे आईला, मात्र कोणी काहीच विचारत नव्हतं.

"मग मीही कोणाला विचारलं नाही," आई म्हणाली. "हिला सांगितलं तिकडे झालं, तिला सांगितलं इकडे झालं. दोघी गप्प बसल्या. तुझ्या वडिलांनाही तेच सांगितलं."

"आणि मी?" मास्तर म्हणाले. "दोन घरचा पाहुणा उपाशी!"

"उपाशी कसला? रोज डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. गाणी शिकवली, वचनं पाठ करून घेतली, खोटं बोललास तेव्हा रट्टे दिले. पाणी तेवढं राहिलं. बोलायला शिकवलं तेव्हा तरी तुला कुठे विचारलं होतं? आता भांडतोस ते त्याच बोलीत ना?"

"पण पाण्याचं मला सांगायचं तरी."

आईने मान खाली घातली. "म्हटलं, पोरगा मोठा होईल, शहाणा होईल, तेव्हा त्याचं तो ठरवेल. पुढे तू मोठा झालास, पण तुझं तोंड काही बंद होईना. विचारायला फट कुठे मिळाली? आणि मग लाज वाटायला लागली रे."

बायकोने चेहरा दुसरीकडे वळवला. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी मोठ्या थाटात केलेलं बंड हे छत्तीस वर्षं जुनं आणि आईच्या वापरातलं निघालं होतं.

"मग ठरव आता," आई म्हणाली. "मोठा झालास ना?"

आता खरी पंचाईत झाली. ठकीच्या बाबतीत पाळकसाहेबांची काही अडचण नव्हती. तिची आई आणि आजी तिला विश्वासात वाढवायला समर्थ होत्या. मास्तरांच्या बाबतीत मात्र साहेब नम्रपणे अडून बसले. म्हणाले, "तुम्ही जाणते आहात. तुम्ही स्वतः हो म्हटल्याशिवाय मी एक थेंब टाकणार नाही." मास्तरांनी लेकीसाठी जे मागितलं होतं ते सगळं त्यांच्याच पदरात पडलं होतं, आणि ते पेलवत नव्हतं. बुधवारी ते हो म्हणाले. गुरुवारी सकाळी नाही म्हणाले. कोणाच्या दबावाखाली आपण काही करणार नाही, असं त्यांनी बजावलं. कोणी दबाव आणलाच नव्हता, हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबत होतं.

गुरुवारी दुपारी साहेबांचा धडा होता. चौकात साहेब नेहमीप्रमाणे थांबले. एक सायकल गेली, दोन बस गेल्या, एक म्हातारी रस्ता ओलांडून गेली आणि काही विसरलं म्हणून परतसुद्धा आली. शेवटी मास्तर ओरडले, "साहेब, सगळं जग पुढे जाईपर्यंत थांबणार का? एकदा मनाशी ठरवा आणि गाडी काढा!" साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि गाडी काढली. गाडी झकास निघाली.

शनिवारी मास्तरांनी स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री केली. बायकोने विचारलं, पैजेसाठी का? मास्तर म्हणाले, पैजेसाठी. मग थोड्या वेळाने म्हणाले, पोरगी पुढे जाणार आणि बाप मागे राहणार हे आपल्याला मान्य नाही.  बायकोने दुसरा टॉवेल काढून पिशवीत घातला.

रविवारी चर्च भरलं होतं. दोन्ही भाचे पहिल्या बाकावर होते आणि आपल्या धर्मपित्याचा बाप्तिस्मा बघायला मिळणार म्हणून खूश होते. आधी ठकीचा नंबर लागला. साहेबांनी तीनदा पाणी घातलं. ठकीने पहिल्यांदा डोळे मिटले, दुसऱ्यांदा जीभ बाहेर काढली आणि तिसऱ्यांदा साहेबांचा अंगठा घट्ट धरून ठेवला. तो सोडवून घ्यायला दोन माणसं लागली. विचारल्याशिवाय केलं म्हणून तिने काही तक्रार केली नाही.

मग मास्तर पुढे झाले. त्यांनी खिशात एक कागद आणला होता. आपण हे कोणाच्या सांगण्यावरून करत नसून पूर्ण विचाराअंती, स्वतःच्या मर्जीने करत आहोत, असं त्यात सात मुद्द्यांत लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे का?" मास्तरांनी कागद उलगडला. अक्षरं दिसेनात, कारण डोळे भरून आले होते. चर्च वाट बघत होतं. साहेब पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, एकदा मनाशी ठरवा आणि गाडी काढा."

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी, छत्तीस वर्षं पोराच्या स्वतःच्या निर्णयाची वाट बघत थांबलेली आई पहिल्या बाकावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "हो म्हण रे!"

"हो," मास्तर म्हणाले.

डोक्यावरून पाणी निथळत असतानाच ते चिटणीसकाकांच्या टेबलापाशी गेले आणि मी आईच्या अर्धा सेकंद आधी म्हणालो, तसं समासात लिहा, म्हणून अडून बसले. काकांनी अर्ध्या सेकंदाचा रकाना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी आधी ठकीचं नाव लिहिलं, तिच्या खालच्या ओळीत मास्तरांचं लिहिलं, शाई वाळू दिली आणि मग छत्तीस वर्षांची टाचणी काढून ती पिवळी चिठ्ठी फाडून टाकली.