कॅमेरा ‘अ’, कॅमेरा ‘ब’

"अहो, चार महिने झाले!" अर्जांच्या गठ्ठ्यावरची धूळ झटकत बायको म्हणाली. "एवढ्या दिवसांत माणसं लग्न ठरवतात, करतात आणि पस्तावूनसुद्धा मोकळी होतात. तुमचा कॅमेरा काही ठरत नाही."

"घाई करून कसं चालेल?" नवरा म्हणाला. "कॅमेरा काय रोज घेतो का आपण?"

विवाह नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात या नवराबायकोची शेजारी शेजारी दोन टेबलं होती. ती लोकांचे अर्ज भरून द्यायची, तो लग्न झालेल्यांचे फोटो काढायचा. एकोणतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. ती पेन उचलायची ते अर्ज संपल्यावरच खाली ठेवायची. तो मात्र साधी चादर घ्यायची तरी दुकानाच्या तीन फेऱ्या मारणारा. घरातली गादी त्याने सव्वा वर्ष विचार करून घेतली होती, आणि तोवर दोघंही सतरंजीवर झोपत होती.

चार महिन्यांपूर्वी एका जोडप्याचा फोटो काढता काढता त्याच्या कॅमेऱ्यातला आरसा निखळून पडला. दुरुस्त करणाऱ्याने तो हातात घेऊन नुसती मान हलवली. तेव्हापासून कुणाकुणाचे कॅमेरे मागून आणून काम चाललं होतं. खरं म्हणजे आता फोटोवाल्याकडे येतं कोण? ज्याच्या त्याच्या खिशात फोन. त्याच्याकडे येत ती फक्त अशी माणसं, ज्यांच्या लग्नाला फोटो काढणारं कुणीच आलेलं नसतं. तेवढ्यावर टेबल टिकून होतं. साठवलेल्या पैशांत एकच कॅमेरा येणार होता. तो चुकला तर टेबल उचलायचं, हे दोघांनाही माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं.

प्रश्न जुन्या आणि नव्याचा होता. सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या दुकानात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे आले होते. दोन्ही फुल फ्रेम, म्हणजे आत मोठा सेन्सर असलेले, दोन्ही बिनआरशाचे. ("आरसा नाही ते उत्तमच," बायको म्हणाली होती, "निखळायला काही उरलं नाही.") एक जुन्या मॉडेलचा. तो घेतला तर उरलेल्या पैशांत चांगली लेन्स आणि दोन जादा बॅटऱ्या यायच्या. दुसरा नव्या मॉडेलचा. तो घेतला तर तो एकटाच घरी येणार आणि कपाटातल्या म्हाताऱ्या लेन्सवर त्याला संसार करावा लागणार. नवऱ्याने यावर वही भरून आकडे उतरवले होते. ते त्याने बायकोला वाचून दाखवले, दाराशी बसणाऱ्या रखवालदाराला वाचून दाखवले, आणि एकदा तर घटस्फोटाची चौकशी करायला आलेल्या गृहस्थांनाही. ते गृहस्थ पूर्ण ऐकून म्हणाले होते, "जुना सोडताना फार विचार करा."

शेवटी बायकोच दुकानात गेली.

"दोन्ही एका दिवसासाठी द्या," ती दुकानवाल्या बाईंना म्हणाली. "यांचा मोडका कॅमेरा आणि माझं घड्याळ ठेवून घ्या. आणि एक करा, दोन्हींवरची नावं काळ्या चिकटपट्टीने झाका. एकावर ‘अ’ लिहा, एकावर ‘ब’. नावं दिसली की हे परत आकड्यांत बुडतात."

दुकानवाल्या बाईंना कल्पना इतकी आवडली की त्यांनी कॅमेऱ्यांच्या बुडावरच्या पट्ट्याही झाकल्या.

"मेन्यूत शिरायचं नाही," घरी आल्यावर बायकोने बजावलं. "फक्त बटण दाबायचं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत अ किंवा ब. एक अक्षर सांगायचं, बास."

नवऱ्याने दोन्ही कॅमेरे हातात घेतले, वजन पाहिलं, वास घेतला आणि हसला. "अगं, मला झाकून काय उपयोग? आयुष्य गेलं यात. हा ब बघ. कोपरे घासलेत, रंग उडालाय, बटणं गुळगुळीत झालीत. हा जुना. आणि हा अ, एक ओरखडा नाही. कोरा करकरीत. हा नवा."

बायकोने चहाचे कप उचलले.

सकाळी तो गळ्यात दोन कॅमेरे अडकवून टेबलाशी उभा राहिला. पहिलं जोडपं आलं. मुलगा लाजरा टेलिफोन दुरुस्तीवाला होता, मुलगी परिचारिका होती आणि रात्रपाळी करून थेट आली होती. नवऱ्याने ‘अ’ उचलला. कॅमेऱ्याने आपणहून चेहरे शोधले, चौकटी आखल्या, खट्‌कन फोटो काढला. नवरा खूश. फोटो मोठा करून पाहिला तर नवरानवरी धुक्यात, आणि त्यांच्यामागे दारात जांभई देणारा रखवालदार दाढीच्या खुंटासकट लख्ख.

"उत्साह फार आहे," नवरा बायकोच्या कानाशी लागून म्हणाला. "नवीन आहे ना. कुणाकडे बघायचं ते कळत नाही अजून."

"अहो, नवरी डोळे उघडे ठेवायला धडपडतेय. आटपा लवकर."

त्याने दहा-बारा फोटो काढले. त्यातले सहा रखवालदाराचे निघाले. उरलेल्यांवर जोडप्याची बोळवण झाली.

दुसऱ्या जोडप्याला त्याने ‘ब’ लावला. नवरी नोंदवहीत सही करत होती. त्याने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा दाबून तो चुळबुळत कॅमेरा छातीशी धरून उभा राहिला, आणि वही मिटून नवरी नवरदेवाला "पेन कुठं ठेवलंस?" विचारत असताना कॅमेरा आपणहून वाजला, खट्.

"वय झालंय बिचाऱ्याचं," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात माया होती. "सांगितलेलं कळतं त्याला, पण पोचायला वेळ लागतो. माझ्या गुडघ्यांसारखं."

"मग नवाच घ्या की."

"तसं नाही गं. फोटो बघ." त्याने पडदा तिच्यासमोर धरला. सहीचा फोटो हुकला होता खरा. पण पेन शोधणारी नवरी आणि खिसे चाचपणारा नवरदेव एकमेकांकडे बघून हसत होते, दहा वर्षं संसार केल्यासारखे. "थांबतो तो. माणसं फोटोचं तोंड करून उभी असतात, ते उतरेपर्यंत थांबतो. अनुभव म्हणतात तो हाच."

बायकोने फोटो जरा जास्तच वेळ पाहिला. मग पुढच्या माणसाला म्हणाली, "वडिलांचं पूर्ण नाव सांगा."

पण नवरी तक्रार करायला परत आली. सहीचा फोटो हवा होता तिला, पेनाचा नाही. बायकोने तिची समजूत घातली, अर्जाचे पैसे सोडून दिले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने ‘अ’ हातात घेतला. तर तो सुरूच होईना. बॅटरी संपली होती.

"दुपारच्या आत?" नवरा हबकला. "नव्याची ही गत? हल्लीच्या वस्तूंत दमच नाही बघ."

आणि नेमकं तेव्हाच तिसरं जोडपं आलं.

मुलगी बेकरीत काम करणारी, मुलगा बसवर चालक. बरोबर साक्षीदार म्हणून बेकरीतली तीन माणसं होती, जी सही करून भट्टीकडे पळाली. काहीतरी बिनसलंय हे अर्ज भरतानाच बायकोने ओळखलं होतं. ‘वडिलांचा पत्ता’ या रकान्यापाशी मुलगी अडली होती.

"वेगळा पत्ता आहे का?" बायकोने हळूच विचारलं.

"आठ महिन्यांपूर्वीपर्यंत एकच होता," मुलगी म्हणाली. "बाबा बोलत नाहीत. आजची तारीख कळवलीय तेवढी."

लग्न लागलं. नोंदणी अधिकारी जेवायला उठायच्या बेतात होते आणि त्यांच्यामागे खोलीला कुलूप लागणार होतं. नवऱ्याने दोघांना खिडकीपाशी उभं केलं, ‘ब’ डोळ्याला लावला आणि तेवढ्यात मुलीचा चेहरा पांढरा पडला. दारात एक दणकट गृहस्थ उभे होते. अंगात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा डगला, हातात हत्यारांची पेटी. ना आत येत होते, ना बाहेर जात होते.

"बाबा," मुलगी म्हणाली. तेवढंच.

बाबा छताकडे बघत राहिले.

"हसा हं," नवरा घाईघाईने म्हणाला आणि बटण दाबलं. काही नाही. "एक मिनिट. जरा वय झालंय त्याचं." पुन्हा दाबलं. काही नाही. घामाने त्याचं बोट निसटत होतं. तो बटण दाबायचा, मग दचकून लगेच पुन्हा दाबायचा, आणि बहुधा त्यामुळेच कॅमेरा मुळीच वाजेना. अधिकाऱ्यांनी किल्ली काढली. मुलगा कासावीस झाला. मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"काय होतंय?" दारातून जाड आवाज आला.

"अडकलाय," नवरा म्हणाला.

अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात तीस वर्षं गेलेला माणूस होता तो. मुलीशी अबोला धरणं त्याला जमत होतं, पण समोर यंत्र अडकलंय आणि आपण नुसतं बघतोय, हे काही त्याला सोसेना. पेटी दारात टेकवून बाबा तरातरा आत आले. "आणा इकडे. असं घिसाडघाईनं दाबतात का? एकदा दाबायचं आणि यंत्राला वेळ द्यायचा." त्यांनी कॅमेरा घेतला, खालून पाहिला, कानाशी धरून हलवला, मग भिंगाची बाजू स्वतःकडे करून हात लांब केला आणि बटण एकदाच दाबलं.

"बाबा, उलटा धरलाय तुम्ही," मुलीच्या तोंडून निघून गेलं.

"कळतं मला. हा बारीक दिवा बघ. का लुकलुकतोय हा?"

"कुठं?" मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"हा काय, इथं."

"टायमर तर नाही?" मागून जावईसुद्धा वाकला.

खट्.

बाबा हसायलाच लागले. हत्यारांच्या पेटीसारखा खडखडाट करत. "अहो फोटोवाले, म्हातारा कसला! टायमर लावलाय तुम्ही याला. पाच सेकंदांनी वाजतोय. कुणी लावला?"

दुकानातल्या आधीच्या गिऱ्हाइकाने लावला असणार. मेन्यूत शिरायचं नाही म्हटल्यावर नवऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. समोरचा दिवा फोटोत उभ्या असलेल्यांना दिसत होता, पण फोटोवाला चुकला हे त्याच्या तोंडावर सांगायचं त्यांना अवघड वाटलं असावं.

पडद्यावर तीन डोकी होती, एकमेकांना चिकटलेली, तिन्ही भुवया आक्रसून भिंगात डोकावणारी. बाबांचा कान आणि मुलीचा गाल यांच्यात बोटभर जागा नव्हती. दोघांचं नाक एकच होतं, हे फोटोत पहिल्यांदाच दिसत होतं.

"हाच मोठा करून द्या," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, मुलीकडे न बघता, "दोन प्रती. एक माझ्या पत्त्यावर."

"आपल्या," मुलगी म्हणाली.

अधिकारी किल्ली हातात धरून तसेच उभे होते. जेवण त्या दिवशी त्यांना बरंच उशिरा मिळालं.

सहाला दहा मिनिटं कमी असताना नवरा दुकानाच्या काउंटरवर हात टेकून उभा राहिला. "ब," तो म्हणाला. आणि एका अक्षरावर थांबायचं ठरलेलं असूनही पुढे म्हणाला, "टायमरचं सोडा. पण जुन्यात एक भारदस्तपणा असतो. हा अ दिसायला देखणा, पण उथळ. भलत्याकडेच बघतो आणि दुपारपर्यंत धापा टाकतो. नव्याचा मला मोह नाही."

दुकानवाल्या बाईंनी ‘ब’वरची चिकटपट्टी सोलली. मग ‘अ’वरची. मग दोन्ही कॅमेरे त्याच्यासमोर ठेवले.

"ब नवा आहे," त्या म्हणाल्या. "एका लग्नाच्या फोटोग्राफरनं वर्षभरात घासून घासून त्याची ही दशा केली. अ जुना. एका दंतवैद्यांनी आठ वर्षं कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बॅटरीचं म्हणाल तर त्या मॉडेलचं ते दुखणंच आहे. म्हणून तर दोन जादा घ्यायला सांगितल्या."

नवऱ्याने दोन्हींकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती घड्याळ परत मनगटावर बांधत होती.

"तुला माहीत होतं?"

"माझ्यासमोरच चिकटवल्या ना पट्ट्या."

"मग दिवसभर बोलली का नाहीस?"

"एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही एका दिवसात काहीतरी ठरवत होता," ती म्हणाली. "इतके रंगात आला होता. मोडवेना मला."

नवऱ्याचे कान लाल झाले. तो बराच वेळ काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत राहिला. दुकानवाल्या बाईंनी सवयीने स्टूल पुढे सरकवलं, कारण हा माणूस आता बसून विचार करणार हे त्यांना चार महिन्यांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

तो बसला नाही. "अ द्या," तो म्हणाला. "लेन्स आणि बॅटऱ्यांसकट. दिवसभर त्याला नाही नाही ते बोललो मी. आणि रखवालदाराकडे बघत होता म्हणजे नजर चांगलीच आहे त्याची, फक्त वळवायला हवी." जरा थांबून त्याने विचारलं, "यात टायमर आहे ना?"

"सगळ्यांतच असतो हो," दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

बसमध्ये कॅमेऱ्याची पेटी बायकोच्या मांडीवर होती. तिसऱ्या थांब्याला नवऱ्याने खाकरून तिच्याकडे मान वळवली.

"मी काय म्हणतो..."

"नाही," बायको म्हणाली आणि पेटीवरचा हात न काढता त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिने डोळे मिटून घेतले. मग त्याला हलताही येईना आणि विचारताही.