खाली काय आहे?

आमच्या सोसायटीत काहीही फुकट आलं, की साळवे सर एकच प्रश्न विचारतात, "खाली काय आहे?" मागे मोफत नेत्रतपासणीचं शिबिर आलं, तेव्हाही त्यांनी तोच विचारला. डॉक्टर बिचारे वाकून खुर्चीखाली बघायला लागले. खाली चष्म्याचं दुकान होतं, हे आम्हाला आठवड्याभरात कळलं.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. सर निवृत्त झाले, भूगोल झाला नाही. माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते आणि काकू राहतात. हॉलच्या भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा आहे. टीव्हीवर एखादा बडा देश परक्या जनतेच्या हालांनी व्याकूळ झाला, की सर चष्मा कपाळावर चढवून नकाशापाशी जातात.

"हं. इथं दया आलीय. खाली काय? तेल. आता इकडे बघा. माणसं इथंही मरताहेत, पण खाली नुसते दगड. इथं दया यायची नाही. इथं तीव्र चिंता व्यक्त होईल."

मी रोज हिंजवडीला एकटीच गाडी घेऊन जाते, हे त्यांना फार खुपतं. "एका बाईला न्यायला पाच जणांची मोटार? चालू द्या. तुमची टाकी भरायची, तर कुणाला तरी कुणाची तरी दया येणं भागच आहे." स्वतः मात्र मंडईत सायकलवर जातात.

एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, मंडईतला कांदा काय चालत येतो? आणि संदीप तिकडे काय करतो?" संदीप त्यांचा एकुलता मुलगा, आखातात तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. हा फ्लॅटसुद्धा त्याच्याच पगारातून झालेला. मला वाटलं, जिंकले.

"अहो, मी तेलाच्या बाहेर आहे असं कधी म्हणालो?" सर शांतपणे म्हणाले. "तेल घ्यावं. तेल म्हणून घ्यावं, पुण्य म्हणून घेऊ नये."

काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. "त्यांच्या नादी लागू नकोस गं. घे. ह्याच्याखाली फक्त बशी आहे."

मग एके दिवशी संदीपच्याच शहरावर क्षेपणास्त्रं पडायला लागली. विमानतळ बंद झाला. संदीप, त्याची बायको आणि लहानगी सई इमारतीच्या तळघरात जाऊन बसले, एवढा निरोप आला आणि फोन लागेनासा झाला. मी रजा टाकून समोर जाऊन बसले. सर नकाशाकडे फिरकलेच नाहीत. टीव्हीवर सांगत होते, की बड्या देशाचं लष्कर माणुसकीच्या नात्यानं अडकलेल्यांना बोटीनं बाहेर काढणार आहे.

आमच्या चेअरमनांना कुठं काय बोलावं हे कधीच कळलं नाही. विचारपूस करायला आले आणि हसत म्हणाले, "काय सर, आता खाली काय आहे?"

"खाली माझी नात आहे," सर म्हणाले.

चेअरमन चहा न घेताच गेले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिघेही सुखरूप होते. काकू तिथंच खाली बसून रडायला लागल्या. सरांनी फोन सईसाठी स्पीकरवर टाकला.

"आजोबा, एका सोल्जरनं मला कडेवर घेऊन बोटीत चढवलं!"

"नाव काय त्याचं?"

"नाही विचारलं."

"विचारायचं गं बाळा. जेवला होता का तो?"

"माहीत नाही. तो परत खाली गेला, दुसऱ्यांना आणायला."

सरांनी फोन ठेवला. मग त्यांचाही बांध फुटला. मी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी तसाच हातात धरला.

"विशीतलं पोर असेल हो," ते म्हणाले. "त्याला आणायला कोण जाणार?"