अण्णांची साखर आणि कंपनीचं सातत्य

ज्या गोष्टीवर सगळं उभं असतं ती नेहमी खाली असते, आणि खाली वाकून बघायची पद्धत आपल्याकडे फक्त चप्पल हरवल्यावर आहे. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत सातव्या मजल्यावर असलेल्या 'पारदर्श सिस्टिम्स' या कंपनीने मात्र एकदा चप्पल जागेवर असतानाही खाली बघितलं. एवढं धाडस क्वचितच दिसतं, म्हणून त्याचा वृत्तान्त नोंदवून ठेवणं अगत्याचं आहे.

कंपनीचा व्यवसाय स्तुत्य होता. प्रोग्राम लिहिणारी माणसं दर बदलाची नोंद ठेवतात: कोणी बदललं, केव्हा, काय, आणि (माणूस प्रामाणिक असेल तर) का. या नोंदींच्या साठ्याला रिपॉझिटरी म्हणतात. मोठ्या संस्थांच्या रिपॉझिटरीत अशा लाखो नोंदी साचतात, आणि काही बिघडलं की 'हे कोणी केलं?' असा प्रश्न निघतो. पारदर्श सिस्टिम्स त्याचं उत्तर शोधून द्यायची. दोष कुणाचा हे ठरवून देणारा धंदा असल्यामुळे त्याला मंदी ठाऊक नव्हती.

नोंदी प्रत्यक्ष वाचायचं काम मात्र कंपनी स्वतः करत नसे. ते 'दप्तरी' नावाची लायब्ररी करायची. (इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, जो उचलून आपल्या प्रोग्रामात बसवता येतो. पुस्तकांच्या लायब्ररीशी साम्य एवढंच, की आत जाऊन वाचणारं कोणी नसतं.) दप्तरी फुकट होती. जगातल्या चार हजारांवर कंपन्या ती वापरत होत्या. पारदर्शच्या उत्पादनात सत्त्याऐंशी टक्के काम दप्तरी करायची. उरलेल्या तेरा टक्क्यांत निळी बटणं होती. बटणांवर साठ माणसं कामाला होती.

श्रुतिका परब त्या साठांतली नव्हती. ती घाटकोपरच्या पंतनगरहून रोज यायची. आठ वर्षांपूर्वी प्रोग्रामर म्हणून लागली, आणि तेव्हापासून तिला प्रोग्राम सोडून सगळं लिहायला मिळालं: अहवाल, खुलासे, खुलाशांचे अहवाल. सुरुवातीला ती घरी जाऊन स्वतःपुरतं काहीतरी लिहायची. मग तेही सुटलं. आई विचारायची, "नेमकं करतेस काय गं तू?" तेव्हा ती "कॉम्प्युटरचं" असं सांगून आंघोळीला जायची.

एके दिवशी एका बड्या गिऱ्हाइकाने कंपनीला साधी विचारणा केली. तुमचं उत्पादन ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या सगळ्यांची यादी द्या. श्रुतिकाने यादी केली. तीनशे बारा गोष्टी निघाल्या. तीनशे अकरांच्या पुढे संस्थांची नावं होती. दप्तरीच्या पुढे लिहिलं होतं: 'शिवदास धाकू पालव, मुलुंड पूर्व. दुपारी दोन ते चार फोन करू नये.'

"हे काय आहे?" हर्षदने विचारलं. हर्षद जोखीम विभागाचा प्रमुख. (या कंपनीत सगळे एकमेकांना एकेरीत हाक मारत, त्यामुळे कोण कोणाला ओरडतंय हे बाहेरच्याला कळत नसे.)

"माणूस आहे," श्रुतिका म्हणाली. "एकटाच सांभाळतो. मी शोधलं. रिटायर्ड आहेत, एकाहत्तर वर्षांचे."

"एकाहत्तर?" हर्षद खुर्चीत बसला. "यार, म्हणजे आपलं सगळं... वाट लागली ना! तब्येत कशी आहे त्यांची?"

बारा वर्षं दप्तरी वापरणाऱ्या कंपनीने तिच्या लेखकाची केलेली ही पहिली चौकशी. तिची नोंद व्हायला हवी.

पुरवठादाराची प्रत्यक्ष तपासणी करायचं ठरलं आणि मंगळवारी अकरा वाजता श्रुतिका दोनशे चौदा प्रश्नांचा फॉर्म घेऊन मुलुंडला पोचली. शिवदास पालवांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतः दार उघडलं. अंगात बनियन, नाकावर चष्मा, हातात अर्धी सोललेली शेवग्याची शेंग. त्यांच्या पत्नी प्रेमाकाकूंनी पाणी आणलं. फॉर्म भरायला सुरुवात झाली.

संस्थेचं मनुष्यबळ? "एक."

पैकी पूर्णवेळ? "दुपारी झोपतो. तेवढा वजा कर."

प्रमुख अनुपस्थित असल्यास जबाबदारी कोणाकडे? "प्रेमाकडे." आतून आवाज आला, "माका त्यातला काय्येक कळणा नाय हां, लिहू नको गो."

आपत्तीच्या वेळी पर्यायी कार्यालय? "बाल्कनी."

गेल्या तीन वर्षांतला गंभीर बिघाड? "मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचा."

प्रश्न क्रमांक एकशे सहा होता, 'उत्पादननिर्मितीमागील धोरणात्मक उद्दिष्ट'. श्रुतिकाने तो सोपा करून विचारला, "अण्णा, तुम्ही हे लिहिलंत कशाला?"

अण्णांनी शेंग बाजूला ठेवली. "मी एका सरकारी कचेरीत रेकॉर्डला होतो, बाय. चौतीस वर्षं फायली सांभाळल्या. लोक यायचे. कोणाला फाईल दाबायची असायची, कोणाला हरवायची असायची. वाचायला म्हणून एकही आला नाही. शेवटी शेवटी आमच्याकडे कॉम्प्युटर आला, तो मी शिकलो. म्हटलं, निदान वाचणारं एक काहीतरी करून ठेवू."

फॉर्ममध्ये या उत्तरासाठी रकाना नव्हता. तिने 'लागू नाही' लिहिलं आणि लिहिताना तिला उगाचच लाज वाटली.

तपासणीत 'मधुमेह, चौदा वर्षं' ही नोंद निघाल्यावर 'शि. धा. पालव सातत्य समिती' स्थापन झाली. समितीपुढे अनेक पर्याय आले. कंपनीतल्या कोणीतरी दप्तरी वाचून समजून घ्यावी, हा पर्याय श्रुतिकाने मांडला. तो वेळखाऊ ठरला आणि त्यावर तीन बैठका झाल्या. पुढचा विचार अगदी सरळ होता. कंपनी दप्तरीवर उभी, दप्तरी अण्णांवर उभी, अण्णा साखरेवर उभे. सबब साखर ही कंपनीची पायाभूत सुविधा होय. अण्णांच्या दंडाला एक चकती चिकटवण्यात आली. ती दर पंधरा मिनिटांनी रक्तातल्या साखरेचा आकडा कळवायची. अंधेरीच्या कचेरीत दर्शनी भागातल्या मोठ्या पडद्यावर, कंपनीची जीवनमूल्यं आणि क्रिकेटचा स्कोअर यांच्या मधोमध, तो झळकू लागला.

कर्मचाऱ्यांत अभूतपूर्व आत्मीयता निर्माण झाली. लिफ्टमधून बाहेर पडता पडता माणसं वर बघून "आज एकशे बत्तीस, झकास," म्हणत. एका रविवारी प्रेमाकाकूंनी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या केल्या. आकडा दोनशे एकतीसवर गेला, आणि सोमवारी बाजारात येणारी नवी आवृत्ती कंपनीने पुढे ढकलली. कारणाच्या रकान्यात 'खापरोळी' असं लिहिलेलं आहे. अण्णांना आंबा, साखरेचा चहा, स्टूलवर चढणं आणि एकट्याने रस्ता ओलांडणं यांपासून परावृत्त करणारं पत्रक निघालं. (तेवढ्या काळात दप्तरीत अठरा तक्रारी आल्या. त्या अण्णांनी निकालात काढल्या. त्यांवर पत्रक निघालं नाही.)

प्रेमाकाकू सुरुवातीला खूश होत्या. चाळीस वर्षं त्यांनी सांगून अण्णांनी जे ऐकलं नाही ते अंधेरीहून आलेल्या कागदाने ऐकायला लावलं होतं. त्यांचंही बिनसलं ते जत्रेवरून.

कुडाळजवळच्या गावात देवीची जत्रा होती. यंदा मान पालवांच्या घराकडे होता, आणि बारा वर्षांनी आलेला होता. अण्णांनी तिकिटं काढली. समितीला कळलं. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणजे नऊ दिवस आकडा नाही. हर्षद स्वतः मुलुंडला आला, येताना बिनसाखरेची बिस्किटं घेऊन.

"अण्णा, समजून घ्या. नऊ दिवस फार होतात."

"मी तुमचा नोकर आहे का?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

"तीच तर अडचण आहे," हर्षद कळवळून म्हणाला. "नोकर असतात तर रजा मंजूर करता आली असती."

प्रेमाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आणि देवीक काय सांगू? अंधेरीची परवानगी नाय?"

हर्षदने हा मुद्दा समितीपुढे ठेवायचं कबूल केलं. अण्णा उठून बाल्कनीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. कोपऱ्यात बसलेल्या श्रुतिकाला ते बनियनमधले खांदे दिसले. दंडावरची पांढरी चकतीही दिसली. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तशी. ती चकती बसवण्याच्या ठरावाचा मसुदा तिनेच लिहिला होता, चांगल्या भाषेत.

त्या शनिवारी ती कोणी न पाठवता मुलुंडला गेली.

"अण्णा, मला दप्तरी वाचायचीय. पहिल्या ओळीपासून."

"कशाला?" अण्णा म्हणाले. पण तोवर त्यांनी दुसरी खुर्ची ओढलेली होती.

दप्तरी अठराशे ओळींची होती. साठ माणसांच्या निळ्या बटणांच्या ओळी यापेक्षा दोनशे पट होत्या. श्रुतिकाला वाटलं होतं तसं काही अवघड नव्हतं. नीट लावलेल्या कपाटासारखं होतं, जे जिथे असावं ते तिथे. शिवाय दर बदलामागे अण्णांनी मराठीत कारण लिहून ठेवलं होतं. (परदेशातल्या एका कंपनीने ही सांकेतिक भाषा समजून तिच्यावर सुरक्षा अहवाल काढला होता.) 'तारखा उलट्या वाचल्या जात होत्या. चूक माझी. जेवून उठून घाईत लिहिलं.' 'हा भाग काढून टाकला. हुशारी जास्त झाली होती.' आणि एका फेब्रुवारीत, 'आज बाबा गेले. मिलमध्ये होते तेव्हा म्हणायचे, सुटलेला धागा त्याच पाळीत बांधावा, पुढच्यावर टाकू नये. बांधला आहे. तरी परत एकदा तपासावा.'

"तपासला होतात का मग?" तिने विचारलं.

"राहिला," अण्णा म्हणाले. "तू बघ."

तिने बघितला. एक गाठ खरोखरच सैल होती. तिने ती बांधली आणि कारणही मराठीतच लिहिलं. आठ वर्षांत तिने इतरांसाठी लिहिलेला तो पहिला प्रोग्राम; सहा ओळींचा. चार दिवस रजा टाकून चार दुपारी ती त्या खुर्चीत बसली (दोन ते चार अण्णा झोपत, ती वाचत राही), आणि पाचव्या दिवशी अण्णांनी दप्तरीच्या दारावर, म्हणजे सांभाळणाऱ्यांच्या यादीत, स्वतःच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं.

आता फक्त चकतीचा प्रश्न उरला. ती नुसती काढली असती तर पडद्यावर लाल अक्षरं आली असती आणि समिती कुडाळपर्यंत गेली असती. जुन्या चकतीची मुदत संपायला आणि अण्णा निघायला एकच गाठ पडली होती. श्रुतिकाने नवी चकती बाहीच्या आत स्वतःच्या दंडाला लावली. "जा तुम्ही," ती म्हणाली. प्रेमाकाकूंनी तिच्या हातावर निघतानाचं दही ठेवलं. ते खरं तर जाणाऱ्याच्या हातावर ठेवायचं असतं, पण कोणी दुरुस्ती केली नाही.

त्या दिवसांत अण्णांची साखर वैद्यकशास्त्राला थक्क करील इतकी सुधारली. पडद्यावर शंभर, सत्त्याण्णव, एकशे चार. समितीने स्वतःचं अभिनंदन करणारा ठराव केला. चौथ्या दिवशी दप्तरीत मोठा बिघाड निघाला. काही देशांतल्या कंपन्यांची कामं अडली. श्रुतिकाने तो चाळीस मिनिटांत दुरुस्त केला. खाली कारण मराठीत लिहिलं. पारदर्श सिस्टिम्सच्या अहवालात तेवढ्या काळापुरतं 'श्री. पालव यांची प्रकृती उत्तम असल्याने अडचण टळली' असं आलं. सातव्या दिवशी बटणांच्या विभागात कोणाचा तरी वाढदिवस होता. तिने केक खाल्ला. आकडा वीस अंकांनी चढला आणि हर्षदने धावत येऊन तिलाच सांगितलं, "अण्णांनी काहीतरी खाल्लंय!"

"केक," श्रुतिका म्हणाली, आणि बाही वर केली.

मग तिने सगळं सांगितलं. अण्णा गावी आहेत, मजेत आहेत, मी दप्तरी वाचली आहे, त्या दिवशीचा बिघाड मी काढला. हर्षदने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा दिलासा पसरला.

"म्हणजे आता दोन माणसं आहेत," तो म्हणाला. "सुपर! मग ती चकती काढू नकोस. आणि रिक्षाने येत जा, यार. रस्ता ओलांडायला नको."

श्रुतिकाने चकती सोलून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "त्यापेक्षा तू वाच ना. अठराशे ओळी आहेत. चार दुपारी लागतात."

दप्तरी वाचण्यासाठी नेमलेल्या उपसमितीच्या आजवर सहा बैठका झाल्या. ओळ क्रमांक एक कोणी वाचावी याबाबत एकमत होत आलं आहे. अण्णा गावाहून दोन दिवस उशिराच आले, रंग काळवंडलेला, आवाज बसलेला. पडद्यावर आता आकड्याच्या जागी हवामान दाखवतात. श्रुतिका शनिवारी मुलुंडला जाते आणि आई विचारते तेव्हा "वाचते" असं सांगते.

कंपनीला हसणं सोपं आहे, आणि ते आपण मनापासून केलं. तिने निदान बारा वर्षांनी का होईना, नाव विचारलं, पत्ता काढला, साखर पाहिली. तुमच्या इमारतीत रोज पहाटे पाण्याचा पंप सुरू करणारा माणूस गेली कित्येक वर्षं तुमची आंघोळ सांभाळतो आहे. त्याचं आडनाव सांगा पाहू.