येताच दळून मिळेल

हवालदार हंबीरराव सकाळी सकाळी चुलीपुढं उकिडवा बसला आणि परातीतला पिठाचा गोळा उचलून तराजूत घालायला लागला. त्याची बायको हरणाबाई भाकरी थापायची थांबली. आई साळूबाईनं कपाळाला हात लावला. पलटणीतून सुटून आलेली माणसं काही दिवस येड्यासारखी करतात, हे उंबरवाडीला ठाऊक होतं. कुणी पहाटे उठून शेजाऱ्यांचीही अंथरुणं चौकोनी घडी घालून ठेवतं, कुणी म्हशीला हिंदीत शिव्या घालतं. पण भाकरीचं पीठ तोलणारा हा पहिलाच.

"आई, आपल्या घरात दिसाला पीठ किती लागतं?"

"पोटाला लागंल तेवढं."

"तसं न्हाई. आकडा सांग. बँकेच्या सायबाला अंदाज द्यायचाय."

"सायब जेवायला येनार हाय व्हय?"

साहेब जेवायला येणार नव्हता, कर्ज देणार होता. उंबरवाडीत नुकतीच वीज आली होती आणि हंबीररावाला विजेवरची पिठाची गिरणी काढायची होती. कऱ्हाडच्या बँकेतला साहेब म्हणाला होता, आधी वर्षभराचा अंदाज लिहून आणा, काय येईल, काय जाईल, काय उरेल.

इथं हंबीररावाचं कौतुक केलंच पाहिजे. धंदा काढणारे गावात पुष्कळ झाले. ते आधी दुकान काढतात आणि मग डोकं चालवतात, तोवर दुकानात उंदीर पिल्लं घालतात. ह्यानं आधी डोकं चालवलं. लढाईचा नकाशा काढावा तसा गावाचा नकाशा काढला. घरं किती, घरात तोंडं किती, तोंडागणिक भाकरी किती, सगळं मांडलं. सुगीला माणूस जास्त खातो ते धरलं, आखाडात जावई येतात ते धरलं. कुत्र्याच्या पुढ्यात टाकायचा चतकोरसुद्धा सोडला नाही. ओढ्यापलीकडच्या वाडीत नाथाजीची जुनी गिरणी होती, तेलाच्या इंजिनावरची. ती दिवसातनं दोनदा बंद पडायची. हंबीररावानं लिहिलं, 'शत्रूचं सामान निकामी. पावसाळ्यात ओढा भरला की त्याचा रस्ताही बंद.'

शेवटी त्यानं पारावर जाऊन घरोघरच्या कारभाऱ्यांना एकेक करून विचारलं, "माझ्या गिरणीत दळान आननार का?"

"येताव की हवालदार! घरची गिरणी म्हनायची, आनि लांब कशाला जायाचं?"

एकजण नाही म्हणाला नाही. आता उंबरवाडीत तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. नाही म्हणायचं असलं की माणूस दोनदा व्हय म्हणतो. पण सतरा वर्षं सरहद्दीवर काढलेल्या माणसाला हे कुठलं आठवायला?

"बायांना इचारलंस का?" साळूबाईनं एवढंच विचारलं.

"आई, घरचा कारभारी व्हय म्हनला म्हंजे घर व्हय म्हनलं. कमांडरनं ऑर्डर दिली की पलटन चालती."

साळूबाई गप्प बसली. ती बोलत असली की घरातले लोक आपापली कामं करत. ती गप्प बसली की घाबरत. हंबीररावाला हेही आठवलं नाही.

अंदाज बघून साहेब इतका खूश झाला की त्यानं तो बँकेतल्या सगळ्यांना वाचायला दिला. कर्ज मिळालं. देवळामागं पिंपळाशेजारी गिरणी उभी राहिली. आणि गिरणी होती मात्र देखणी! मोटर अशी की घर्र म्हणेपर्यंत डबा रिकामा. आतली फरशी अशी स्वच्छ की तिच्यावर थेट भाकरी थापावी. दारापासून चुन्यानं आखलेली सरळ रेघ, बायांनी तिच्यावर उभं राहायचं. बाहेर पाटी, 'येताच दळून मिळेल. थांबावे लागणार नाही.' आणि आत दुसरी, 'गप्पा मारू नयेत.'

ह्या सगळ्या थाटामागं एक गोष्ट होती, ती हंबीररावानं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. पलटणीतल्या एका दोस्तानं पुण्याच्या कारखान्यात त्याच्यासाठी फाटकावरची नोकरी धरून ठेवली होती, नागपंचमीपर्यंत. गिरणी चालली तर ठीक. नाही तर मोटर विकून बँकेचं भागवायचं आणि पुन्हा ट्रंक उचलायची. सतरा वर्षं हा माणूस स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा आला होता. रजा संपली की जायचा. आता कुठं म्हैस त्याला ओळखायला लागली होती.

पहिल्या आठवड्यात सगळं गाव येऊन गेलं. बाई डबा ठेवी, मोटर घर्र करी, बाई पीठ उचली आणि बाहेर पडे. हंबीरराव घड्याळाकडं बघून खूश होई. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या बाया आल्या. तिसऱ्या आठवड्यात रेघेवर एक कोंबडी उभी होती.

हंबीररावानं विचार केला, पीठ जाड येत असेल. त्यानं कारागीर आणून जात्याच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून घेतली. आता पीठ पावडरीसारखं यायला लागलं, आणि पहिल्यापेक्षा लवकर. उरलेल्यातल्याही बाया कमी झाल्या. त्यानं दळणाचा भाव उतरवला. काही फरक नाही. पारावर जाऊन विचारलं तर सगळे कारभारी म्हणाले, "व्हय व्हय, येताव की!"

मग त्यानं मोठी चढाई केली. सायकलला दोन्ही बाजूंनी हूक लावले आणि स्वतः दारोदार फिरायला लागला.

"रंगूबाई, डबा द्या. दळून घरपोच आनून देतो. तुमाला उंबऱ्याभाईर पाऊल टाकायला नको."

रंगूबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. "आवं, जुंधळाच संपलाय बगा."

"काल तर पोती उतरून घेतली."

"ती… ती बियाण्याची हायती."

त्या आठवड्यात उंबरवाडीतला सगळा जोंधळा बियाण्याचा झाला. सायकलची घंटी वाजली की बाया डबे वैरणीत लपवायला लागल्या. मनुबाईच्या म्हशीनं तर वैरणीबरोबर अर्धा डबा गहू खाल्ला आणि दोन दिवस फुगून बसली, पण मनुबाईनं तोंड उघडलं नाही.

पाऊस सुरू झाला. हंबीरराव पिंपळाखाली उभा राहून ओढ्याकडं बघत राहिला. ओढा भरला, की शत्रूचा रस्ता बंद! ओढा भरला. आणि गुडघाभर पाण्यातनं, डोक्यावर डबे, एकमेकींचे हात धरून, लुगड्याचे ओचे खोचून, खिदळत खिदळत कुणीतरी बाया पलीकडं जाताना त्याला लांबून दिसल्या. आमच्या गावच्या नसतील, असं म्हणून तो आत गेला.

पंचमी उद्यावर आली. पंचमीला दळायचं नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही, ही इकडची रीत. शिराळ्याच्या यात्रेला जायचं तर पुरणाच्या दिंडांचं सगळं पीठ आदल्या दिवशीच दळून ठेवावं लागतं. म्हणजे वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस. हंबीररावानं पहाटे फरशी पुसली, मोटरला हळदकुंकू लावलं, आणि रेघेकडं बघत बसला. ऊन वर आलं. आज कोंबडीसुद्धा आली नाही.

मग मात्र तो उठला. विजारीचे पाय वर गुंडाळले आणि शत्रूच्या गोटाची पाहणी करायला ओढ्यात शिरला.

नाथाजीच्या गिरणीपुढं चिंचेखाली सगळी उंबरवाडी बसली होती. डबे एका ओळीत, आणि बाया वाटेल तशा. कुणी कुणाची वेणी घालत होती, कुणी पाय पसरून शेंगा फोडत होती, कुणी रडून घेत होती आणि बाकीच्या तिला रडू देत होत्या. इंजिन बंद होतं. नाथाजी त्याच्याखाली आडवा होऊन हातोडा मारत होता, आणि एकाही बाईला त्याची घाई नव्हती. मध्यभागी पानाची चंची सोडून बसली होती साळूबाई, आणि तिच्या मागं तिच्या डोक्याला तेल चोळत होती हरणाबाई.

"आई!"

"आलास?" साळूबाई म्हणाली. "जरा लांब उभा ऱ्हा. नंबर लागलेत."

"आगं, घरची गिरणी सोडून तू हितं?"

"घरच्या गिरणीत बसायला जागा हाय का? डबा ठेवला की पीठ, पीठ घेतलं की घर, घरी गेलं की शेन. तुझ्या गिरणीत जाऊन आले त्या दिशी सासरी आल्यासारखं वाटलं मला, ह्या वयात!"

"पर माझ्याकडं थांबावं लागत न्हाई की!"

सगळ्या बाया हसल्या. रंगूबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. "हवालदार, दिसभरात आमाला टेकायला हीच येवढी येळ. इंजान बंद पडलं म्हनलं की घरात कोन काय बोलत न्हाई. तुमी ती बी घरपोच करायला निघाला!"

"मी घरोघरच्या कारभाऱ्यास्नी इचारलं हुतं," हंबीरराव पुटपुटला.

"कारभारी पीठ खात्यात," हरणाबाई पहिल्यांदाच बोलली, आणि खालमानेनंच बोलली. "डबा उचलत न्हाईत. तुमी कुत्र्याचा चतकोर धरला, आमचं बसनं धरलं न्हाई."

"आनि ऐक," साळूबाई म्हणाली, "हरणाच्या आईची नि माझी गाठ ह्याच चिंचंखाली पडली. त्या दिशी इंजान सांजपातूर सुरू झालं न्हाई. झालं असतं, तर तू आज बी बिनलग्नाचा हिंडला असतास."

 हंबीरराव म्हणाला, "ठीक हाय आई. मग पंचमी झाली की मी पुन्याला जातो. फाटकावर नोकरी हाय. मोटर इकून टाकतो."

वेणी घालणारे हात थांबले. शेंगा फोडायच्या थांबल्या. साळूबाईच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"पुन्याला?"

"तुला वझं नको म्हनून बोललो न्हाई."

"मला वाटलं, पेन्शन हाय, गिरनी हौसंची हाय. बाप्या मानसाला दिसभर जीव रमवायला कायतरी लागतं."  साळूबाईनं चंची गुंडाळली. "उठा गं बायांनो."

तेवढ्यात नाथाजीचं इंजिन फक् फक् करत सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा ते नको त्या वेळी सुरू झालं असेल. कुणी वळून बघितलं नाही. ओढ्यातनं डब्यांची रांग निघाली, पुढं साळूबाई, आणि शेवटी विजार वर धरलेला हवालदार.

गिरणीत येऊन त्यानं बटणाला हात घातला, तर हरणाबाईनं तो धरला.

"थांबा. येवढ्यात न्हाई."

"आगं, लाईट हाय की!"

"असू द्या. बसू द्या त्यास्नी."

हंबीररावानं पलटणीत पुष्कळ साहेबांचे हुकूम ऐकले होते; असा बिनआवाजाचा हुकूम पहिल्यांदाच ऐकला. त्यानं हात मागं घेतला. माणूस शहाणा होता, आणि त्याहून शहाणी त्याची बायको. तिनं रेघेवरनं ओला फडका फिरवला, 'गप्पा मारू नयेत'ची पाटी उतरवून साळूबाईला बसायला दिली, आणि पिंपळाच्या सावलीत पाण्याचा माठ ठेवला. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दळण चाललं, आणि त्यात मोटर फारच थोडा वेळ फिरली.

पुण्याच्या दोस्ताला नकार कळवला. पिंपळाला कट्टा बांधला. रोज दुपारी गिरणीतली लाईट जायची. किती वेळ जायची, ते हरणाबाई बायांच्या तोंडाकडं बघून ठरवायची. कुणाला जास्त रडायचं असेल तर जास्त वेळ जायची. आजूबाजूच्या वाड्यांवरनंही डबे यायला लागले. नाथाजीनं हे लांबून बघितलं, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यानं इंजिन काढून विजेची मोटर बसवली. बाहेर पाटी लावली, 'येताच दळून मिळेल.'

दिवाळीच्या तोंडावर बँकेचा साहेब जीपगाडीतनं पाहणीला आला. गिरणी बंद. कट्ट्यावर पन्नासभर बाया. साहेबाचा चेहरा पडला.

"हवालदार, मशिन बंद का?"

"धंदा जोरात हाय सायब, म्हनून बंद हाय."

साहेबाला कळलं नाही, पण हप्ते वेळेवर येत होते, तेव्हा त्यानं कळल्यासारखी मान हलवली. "ठीक. पुढच्या वर्षाचा काय अंदाज? काही वाढवणार का?"

पूर्वीचा हंबीरराव असता तर खिशातनं कागद काढला असता. ह्यानं बायकोकडं बघितलं. हरणाबाईनं सासूकडं बघितलं.

"अडचन हाय सायब," साळूबाई म्हणाली. "गिरनीतली लाईट जाती तवा देवळातला बल्ब चालूच ऱ्हातो. रंगूबाईच्या सासूनं परवा आमचं सोंग वळखलं. आता आमाला तेलाचं इंजान पायजे. नाथाजी त्याचं जुनं इकतोय. तेवढं कर्ज मंजूर करा."

साहेब ओढा ओलांडून इंजिन बघून आला. गंज चढलेलं, एक बाजू सुतळीनं बांधलेली. परत येऊन त्यानं रुमालानं हात पुसले.

"आजी, हे तर चालतच नाही!"

"चाललं असतं," साळूबाई म्हणाली, "तर आमी घेतलं असतं व्हय?"