नवरी जमीन

सरकारी कामात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं यतीनचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. हे मत त्याने उधव्यातल्या चहाच्या टपरीवर इतक्यांदा मांडलं होतं, की टपरीवाला ते ऐकल्याशिवाय चहात साखर घालत नसे.

सध्याचं काम होतं जमिनीचं. रस्त्याला लागून वडिलांकडून त्याच्या नावावर आलेला एक तुकडा होता. त्यावर गवत, बाभळी आणि दुसऱ्यांच्या म्हशी यांखेरीज आजवर काही दिसलं नव्हतं. पण गुजरातच्या सीमेवर अच्छाडच्या नाक्यावरची गर्दी चुकवणारे ट्रक तिथूनच जात, आणि एकेका ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर यतीनला भूक लिहिलेली दिसे. तिथे ढाबा काढायचा! शेतजमिनीवर ढाबा म्हणजे आधी बिनशेती परवानगी, आणि परवानगीच्या फाइलमध्ये ग्रामसभेचा ठराव. बाकी सगळं तयार होतं. त्या पट्ट्यात ढाबा चालतो, असं आराखड्यातही होतं.

"मुंगी शिरायला फट ठेवलेली नाही," तो टपरीवर म्हणाला. टपरीवाल्याने साखर घातली.

त्या परवानगीला आणखी एक गोष्ट लटकलेली होती. सोनल. सोनल डहाणूच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसे आणि नुसतं वर बघून पेशंटांची रांग सरळ करी. यतीनला तिने असंच एकदा सरळ केलं होतं, तेव्हापासून तो सरळच होता. दोघांचं जमलं होतं. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. सरलाबाई गणिताच्या शिक्षिका, माहेर वलसाडचं. मुलगा वाईट नाही, एवढं त्यांनी मान्य केलं होतं. पण उत्तरापुढे बरोबरची खूण काही केली नव्हती.

"रिकाम्या माणसाला मी मुलगी देणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आधी परवानगी आण. मग बोलू."

ग्रामसभेत आपण गप्प बसायचं आणि गावातल्या वासुदेवकाकांना बोलू द्यायचं, ही यतीनची खास युक्ती. काका घरात गुजराती बोलत, बाजारात मराठी आणि जोरात आले की दोन्ही. त्यांचा आवाज एवढा होता, की माइक लावला तर माइकचीच पंचाईत व्हावी. ग्रामसेविका निर्मला नुकतीच नेमणूक होऊन आलेली, सांगोल्याकडची. आपण सभेतला शब्द न् शब्द टिपतो, याचा तिला अभिमान होता. त्या अभिमानापायी ती मान वर करत नसे.

काका उभे राहिले. "आ जमीन क्यारनी नवरी छे! नवरीने कामे लगाडो, भाई!"

अर्थ कळो न कळो, टाळ्या पडल्या, हात वर झाले, ठराव एकमताने मंजूर. यतीनने नक्कल घेतली, प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली आणि तळासरीला तहसील कचेरीत नेऊन दिली. वाचली नाही. मंजूर झालेल्या कागदात वाचायचं काय असतं?

काही दिवसांनी सर्कलचं बोलावणं आलं. सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी, प्रविणसाहेब. वसईहून नवीन बदलून आलेले, शांत, आणि कागदावर जे आहे तेच जगात आहे अशा विचारांचे.

"त्रुटी निघाली आहे," ते म्हणाले. "नवरीचं नाव सातबाऱ्यावर दिसत नाही."

"कुणाच्या नवरीचं?"

"ते तुम्ही सांगायचं." त्यांनी चष्मा लावून ठराव वाचला. "सदर जमीन ही नवरीची असून नवरीस त्वरित कामास लावावे, असे सभेत एकमताने ठरले."

यतीनने ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, कागद उलटा करून मागेही पाहिलं. "साहेब, माझं लग्नच झालेलं नाही."

"मग ही नवरी आली कुठून?"

"तेच मी विचारतोय."

"मला कसं विचारता? तुमच्या गावाने एकमताने हात वर केलेत." साहेबांनी फाइल बाजूला ठेवली. जमीन जिची, तिची संमती लागणार. नाहीतर ठराव दुरुस्त करून आणा. पण जे सभेत ठरलं ते सभेतच फिरवायचं, म्हणजे पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबा. तोवर आपण जागेवर येऊन पाहणी करतो, आणि वर पुढचा सल्ला: पाहणीच्या दिवशी नवरीला हजर ठेवा.

यतीन तडक निर्मलामॅडमकडे गेला. मॅडमनी वही उघडून दाखवली. जे ऐकलं तेच लिहिलंय, त्या म्हणाल्या. काकांचं वाक्य सगळ्या सभेने ऐकलं, कुणीही 'नवरी कोण' म्हणून विचारलं नाही. म्हणजे गावाला ठाऊक असणार, असं त्यांना वाटलं. "उलट मला बरं वाटलं," त्या जरा लाजून म्हणाल्या. "बाईच्या नावावर जमीन असलेली किती गावं आहेत?"

यतीन काकांकडे गेला. काका नातीकडे बिलिमोऱ्याला गेले होते आणि फोन ते फक्त स्वतः बोलायला वापरत.

सर्कलकडे हे बोलणं चाललं होतं, तेव्हा दाराबाहेर पावती घ्यायला लक्ष्या उभा होता. लक्ष्या तळासरी-चारोटी-डहाणू मार्गावर टमटम चालवी. त्याच्या गाडीत बसलेला माणूस उतरेपर्यंत तालुक्याइतका शहाणा होई. तळासरीत बातमी होती, की यतीनच्या कागदात कुणी नवरी निघाली. चारोटीला पोचेपर्यंत यतीनने नवरी लपवली होती. डहाणूला उतरताना ती नवरी सिल्वासाची होती आणि जमीन तिने हुंड्यात आणली होती.

यतीनने सोनलला फोन केला. पलीकडे दवाखान्याची बेल ऐकू आली, मग तिचा काउंटरवरचा आवाज.

"नाव?"

"अगं, मी यतीन."

"तुझं नाही. तिचं."

फोन बंद.

पाहणीच्या दिवशी अर्धं गाव बाभळीखाली जमलं. प्रविणसाहेब नकाशा उलगडून उभे. निर्मलामॅडम वही घेऊन हजर. वासुदेवकाका बिलिमोऱ्याहून थेट जमिनीवर उतरले, कारण त्यांना निरोप एवढाच मिळाला होता, की साहेब जमीन बघायला येणार. आणि धूळ उडवत लक्ष्याची टमटम आली. तिच्यातून सरलाबाई उतरल्या. मागोमाग सोनल. दोघींच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला होता, फक्त जाहीर व्हायचा होता.

"काकू, माझं ऐका," यतीन म्हणाला.

"तुझं नंतर. आधी तिला बघू," सरलाबाई म्हणाल्या.

साहेबांनी काकांना नमस्कार केला. "काका, सभेत तुम्हीच बोललात. आता सांगा, नवरी कुठे आहे?"

काकांनी साहेबांकडे असं पाहिलं, जणू बिचाऱ्याला चष्म्याचा नंबर बदलायला हवा. मग पायाने जमिनीवर दाणकन मारलं. "आ शुं छे? तुमच्या समोर तर पडली आहे! तीस वरसथी नवरी आहे."

सगळ्यांनी खाली पाहिलं. म्हशीचं शेण आणि दोन बाभळीचे काटे.

"तीस वर्षं नवरी?" निर्मलामॅडमनी पेन उचललं.

आणि सरलाबाईंना हसू फुटलं. शाळेत ज्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं त्या पदर तोंडाला लावून टमटमला टेकल्या. "अहो मॅडम," त्यांना बोलवेना, "गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी! जमीन रिकामी पडली आहे, एवढंच म्हणतायत ते. रिकामी आहे, तिला कामाला लावा!"

आता हसू बाभळीखालून पसरत रस्त्यापर्यंत गेलं. फक्त काका हसत नव्हते; यात हसण्यासारखं काय, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. सोनलने यतीनकडे पाहिलं, आणि तो पुन्हा सरळ उभा राहिला.

प्रविणसाहेबही हसले. पण हसून झाल्यावर नकाशाची घडी घालत म्हणाले, "खुलासा पटला. पण मी ठरावावर हसू जोडू शकत नाही. ठराव अजून नवरीच म्हणतोय. दुरुस्तीला पुढची ग्रामसभा, नाहीतर नवरीची संमती."

यतीन मटकन खाली बसला, नेमका त्या शेणाशेजारी. परवानगीशिवाय सोनल नाही. आणि नवरीशिवाय परवानगी नाही.

सरलाबाईंनी पदर नीट केला. असली गणितं त्या वर्गात रोज बघत. दोन्ही बाजूंना एकच अज्ञात, आणि मुलं पेन चावत बसलेली.

"साहेब," त्यांनी विचारलं, "नवरी व्हायची असेल, अजून झाली नसेल, तर चालेल का?"

साहेबांनी ठराव पुन्हा वाचला. अगदी शेवटपर्यंत. "इथे नवरी लिहिलंय, बायको नाही," ते म्हणाले. "नवरी म्हणजे व्हायचीच असते. चालेल."

सरलाबाई लेकीकडे वळल्या. लेकीने आधीच निर्मलामॅडमच्या हातातलं पेन काढून घेतलं होतं. टमटमच्या सीटवर कागद ठेवून तिने लिहिलं, 'मी, नवरी, या जमिनीवर ढाबा काढण्यास संमती देते,' आणि खाली सही केली.

"यतीनची संमती नको का?" लक्ष्याने विचारलं.

"त्याला कोण विचारतंय," सोनल म्हणाली.

परवानगी आली. लग्न त्याच जमिनीवर झालं, कारण मांडव आणि ढाब्याचं छप्पर एकाच खर्चात बसवावं, हा हिशेब सरलाबाईंनी मांडला. सोनल काउंटरवर बसली आणि ट्रक रांगेत लागायला शिकले. भाजीवाला तिला विचारी, दूधवाला तिला विचारी, ड्रायव्हर तर तिला 'मॅडम' म्हणत आणि ताट स्वतः उचलून ठेवत. यतीन खुर्ची बाहेर घेऊन बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की सरकारी कामात आपला हात कुणी धरू शकत नाही.

पुढे एकदा ग्रामसभा ढाब्याच्याच अंगणात भरली. ढाब्याला मान्यता मिळून काम कसं चाललंय, ते सभेला कळावं म्हणून वासुदेवकाका उभे राहिले.

"जमीन आता नवरी नथी," ते गरजले. मग खुर्चीकडे बोट दाखवलं. "पण आ यतीन एकदम नवरो छे!"

निर्मलामॅडमचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. नेमणूक झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सभेत मान वर केली.

"हे मराठीतलं लिहू," त्यांनी विचारलं, "की गुजरातीतलं?"

काउंटरवरून सोनलचा आवाज आला. "दोन्ही लिहा, मॅडम. दोन्ही खरं आहे."